सभेत ‘मंजूर, मंजूर’ आणि जिन्यात कुरकुर: गप्प बसलेल्यांचं मत कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४८ घरांची सोसायटी, दोन विंग, पार्किंगवर सहा मजले, दोन्ही लिफ्ट चोवीस वर्षं जुन्या. सभेला ३१ सभासद हजर होते. २६ लाखांचं कोटेशन वाचून दाखवलं, फंडातून ८ लाख आणि उरलेले १८ लाख घरटी ३७,५०० प्रमाणे तीन हप्त्यांत, असा ठराव आला. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, ‘मंजूर, मंजूर’ झालं, इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद झाली. तिसऱ्या दिवसापासून जिन्यात आणि गेटवर कुरकुर सुरू झाली. मुदत संपली तेव्हा पहिला हप्ता फक्त १७ घरांनी भरलेला होता. सचिव म्हणून तुम्ही विचारता: लोक असे दुटप्पी का वागतात, आणि त्यांना सभेतच बोलतं कसं करायचं?

‘दुटप्पी’ हा शब्द आधी बाजूला ठेवू, कारण निदान चुकलं की उपायही चुकतो. लोक दुटप्पी आहेत असं धरलं की समिती पुढच्या वेळी सह्या घेते, थकबाकीदारांची यादी लावते, आणि लोक आणखी गप्प होतात. खरी अडचण ही आहे की त्या सभेत लोकांचं मत कुणी विचारलंच नाही. ‘कुणाची हरकत आहे का?’ असं म्हणून अध्यक्ष तीन-चार सेकंद थांबले असतील. तेवढ्यात फक्त एकच गोष्ट कळते: रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या तीस शेजाऱ्यांसमोर सगळ्यांत आधी उभं राहून वाईटपणा घ्यायला किती जण तयार आहेत. उत्तर शून्य आलं आणि ते होकार म्हणून लिहिलं गेलं.

शिवाय त्या एका ठरावात चार वेगळे प्रश्न कोंबलेले होते. लिफ्ट बदलायची की दुरुस्तीवर भागेल? बदलायची तर कुणाकडून? पैसे कोण किती देणार? आणि केव्हा? पहिल्याला ‘हो’ आणि चौथ्याला ‘आत्ता नाही’ असं ज्याच्या मनात होतं, त्याला बोट ठेवायला जागाच नव्हती. अशी माणसं गप्प बसतात आणि पैसे भरायची वेळ आली की त्यांचा चौथ्या प्रश्नाचा ‘नाही’ बाहेर येतो. त्या ३१ घरांच्या होकाराला धरून बसण्यापेक्षा हे ओळखणं जास्त कामाचं आहे.

आता गप्प का बसतात ते. दोन वेगळी कारणं एकत्र काम करतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिलं कारण म्हणजे प्रत्येकाला वाटतं की शंका फक्त आपल्यालाच आहे. स्वतःच्या मनातली धाकधूक माणसाला आतून कळते, दुसऱ्याचा मात्र चेहरा तेवढा दिसतो, आणि सभेत सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात. जेरी हार्वे या व्यवस्थापनाच्या अभ्यासकानं १९७४ मध्ये याचं एक घरगुती उदाहरण लिहिलं. टेक्सासमधल्या कोलमन गावात भर उन्हाळ्यात एक कुटुंब सावलीत निवांत बसलेलं असतं. सासरे म्हणतात, ॲबिलीनला जेवायला जाऊ. बाकीचे एकेक करून ‘हो’ म्हणतात. ५३ मैल उकाड्यात जाऊन, बेचव जेवून, तेवढंच अंतर परत आल्यावर कळतं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनाही नव्हतं, मंडळी कंटाळली असतील म्हणून त्यांनी आपलं सुचवलं. ‘सगळ्यांचं ते आपलं’ असं प्रत्येकजण म्हणाला आणि ‘सगळ्यांचं’ असं काही नव्हतंच. तुमच्या सभेत नेमकं असंच झालं असेल असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण नंतर गेटवर बोलणाऱ्यांत ‘मला वाटलं बाकी सगळे तयार आहेत’ हे वाक्य ऐकू आलं असेल, तर तो ॲबिलीनचाच प्रवास आहे.

दुसरं कारण दबावाचं. इथे कुणी धमकी द्यावी लागत नाही, एकमत दिसलं तरी पुरतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात अमेरिकेत केलेले रेषांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीन रेषांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढाच प्रश्न. एकट्याला विचारलं तर चूक जवळजवळ होतच नाही. पण खोलीतले बाकीचे सगळे, जे आधीच सामील होते, ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. अशा १२ फेऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश लोक एकदा तरी गटामागे गेले, आणि एकूण उत्तरांपैकी साधारण एक-तृतीयांश उत्तरं गटासारखी चुकीची आली. हा प्रयोग सांगताना अनेकजण इथेच थांबतात. माझ्या कामात उपयोगी पडतात त्या पुढच्या दोन गोष्टी. सामील लोकांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी गटामागे जाणं साधारण चौथ्या हिश्शावर यायचं. आणि उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तरीही ते खूप कमी व्हायचं. १९५५ मध्ये डॉइच आणि जेरार्ड यांनी आणखी एक पायरी दाखवली: इतरांची उत्तरं ऐकण्याआधी स्वतःचं उत्तर कागदावर लिहिलेलं असेल, तर माणूस त्याला धरून राहतो.

तुमच्या सभेचा सगळा इलाज या तीन गोष्टींत आहे: आधी लिहून घ्या, मग आकडा सगळ्यांना दाखवा, मग बोला. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा असतो. आधी समितीतला कुणीतरी बोलतो, मग पहिल्या रांगेतले ज्येष्ठ दुजोरा देतात, मग हात वर होतात.

पद्धत सांगण्याआधी, ती कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. हिशेबावर अविश्वास असेल, म्हणजे मागच्या कामाची बिलं मागूनही दाखवली गेली नसतील, तर चिठ्ठ्यांनी काही होणार नाही. आधी बिलं टेबलावर ठेवा. दहा-बारा घरांच्या सोसायटीत इतका सरंजाम नको, सचिवानं घरोघरी दहा मिनिटं बसून ऐकणं पुरतं. लिफ्ट निरीक्षकाचा शेरा ‘धोकादायक’ असा असेल तर लिफ्ट बंद ठेवायची की नाही हा मतदानाचा विषयच नाही. ती बंद करा आणि फक्त पुढच्या खर्चाबद्दल विचारा. आणि काही घरं गप्प असतात ती खरोखर पैसे नाहीत म्हणून. निवृत्त माणूस चारचौघांत ‘मला जमणार नाही’ कधीच म्हणणार नाही. त्याच्यासाठी वेगळा मार्ग हवा, तो खाली येईल.

आधीची तयारी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमांप्रमाणे) वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची आणि विशेष सभेला पूर्ण ५ दिवसांची सूचना लागते; तुमचे नोंदणीकृत उपविधी एकदा पाहून घ्या. या नोटिशीबरोबर एक पानी टिपण द्या. एकच पान, मोठ्या अक्षरांत. त्यात तीन पर्याय शेजारीशेजारी: लिफ्ट बदलणं, मोठी दुरुस्ती, आणि काहीच न करणं. तिसरा पर्याय मुद्दाम लिहायचा, कारण लोकांच्या मनात तो असतोच. कागदावर त्याचाही खर्च दिसला पाहिजे: मागच्या वर्षी लिफ्ट किती दिवस बंद होती, दुरुस्तीवर किती गेले. जे आधीच ठरलेलं आहे तेही इथेच लिहा. उदाहरणार्थ, लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर समान, वापर असो वा नसो, असं आदर्श उपविधी सांगतात. पहिल्या मजल्यावरची ‘आम्ही लिफ्ट वापरतच नाही’ ही तक्रार सभेत पाऊण तास खाते. कागदावर आधी उत्तर मिळालं तर ती पाच मिनिटांत मिटते, आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर गप्प करावं लागत नाही.

टिपणावर समितीची शिफारस छापू नका. माहिती छापा. शिफारस दिसली की ज्याला विरोध करायचा त्याला कोटेशनबरोबर समितीशीही भांडावं लागतं, आणि शेजाऱ्याशी भांडण कुणालाच नको असतं.

आता सभा. हजेरीची सही झाली की प्रत्येक घराला एक चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढी, सगळ्या एकाच रंगाच्या, शाईही एकच. सोबत पेन्सिली ठेवा, नाहीतर पेन मागताना शेजारच्याची चिठ्ठी वाचली जाते. नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, विंगसुद्धा नाही. दोनच ओळी. पहिली: ‘लिफ्ट बदलावी असं मला किती वाटतं’ आणि पुढे १ ते ५ आकडे, १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे पूर्ण. दुसरी: ‘माझी सगळ्यात मोठी शंका’ आणि एक रिकामी रेघ. हो-नाही विचारू नका. हो-नाहीत काठावरचे लोक दिसत नाहीत, आणि तुमचं काम त्यांच्यापाशीच आहे. पाच मिनिटं द्या आणि त्या पाच मिनिटांत कुणीही, अध्यक्षांनीही, बोलायचं नाही. हा नियम मोडला तर बाकी सगळं वाया जातं, म्हणून घड्याळ टेबलावर ठेवा.

चिठ्ठ्या डब्यात. समितीबाहेरच्या दोघांनी सगळ्यांसमोर मोजायच्या आणि फळ्यावर किंवा चार्ट पेपरवर रेघा मारायच्या. समजा ३६ चिठ्ठ्या आल्या आणि चित्र असं दिसलं: ५ ला ७, ४ ला ६, ३ ला १२, २ ला ८, १ ला ३. सरासरी काढू नका. ती ३.२च्या आसपास येईल आणि काहीच सांगणार नाही. बघायचं ते हे की मधल्या खान्यात १२ घरं आहेत आणि २ वर ८ आहेत. ज्या माणसानं २ लिहिलं तो आत्तापर्यंत समजत होता की आपण एकटे. फळ्यावर आठ रेघा दिसल्या की त्याची पाठ सरळ होते. ॲशच्या प्रयोगातला तो एक साथीदार त्याला इथे नाव न उघडता मिळतो. खोलीतला आवाज या क्षणी बदलतो, आणि समितीनं नेमक्या याच वेळी स्पष्टीकरण द्यायला उठू नये.

मग शंका मोठ्यानं वाचायच्या, सगळ्या, एकही न गाळता. हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून वाचणाराही समितीबाहेरचाच हवा. ३६ शंकांतून साधारण पाच-सहा गट पडतात: रक्कम, मुदत, कंपनीची निवड, आधीच्या कामाचा अनुभव, वाटणी.

यानंतर बोलणं, पण माइकवरून लगेच नाही. सहा-सहा जणांचे सहा गट करा, दोन्ही विंग आणि वरचे-खालचे मजले मिसळतील असे, आणि दहा मिनिटं द्या. प्रत्येक गटानं एकच गोष्ट आणायची: ‘आमच्यापैकी कुणाला तरी माहीत आहे, पण बाकी सोसायटीला बहुधा माहीत नाही, असं काय आहे?’ हा प्रश्न मुद्दाम असा आहे. स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट चर्चेत मुख्यतः सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलतात. एखाद्यालाच ठाऊक असलेली गोष्ट बहुतेक वेळा बाहेरच येत नाही, मग तिनं निर्णय उलटा होणार असला तरी. सोसायटीत अशा गोष्टी कितीतरी असतात. सहाव्या मजल्यावरच्या बाईंना माहीत असतं की मशीनरूममध्ये पावसाचं पाणी येतं, म्हणजे गळती न काढता नवी लिफ्ट बसवली तर पैसे पाण्यात. वॉचमनला माहीत असतं की लिफ्ट बंद पडते ती कोणत्या वेळी. आणि सभेला बहुतेक घरांतून पुरुष येतात, तर दिवसभर इमारतीत असतात त्या बायका आणि म्हातारी माणसं. त्यांना काय ठाऊक आहे ते टिपण वाटतानाच विचारून ठेवा. गटाच्या तोंडून आलेली गोष्ट ‘अमुक म्हणाला’ होत नाही, ‘आमच्या गटात आलं’ अशी येते. नव्या सभासदाला आणि अबोल माणसाला एवढा आडोसा पुरतो.

अध्यक्षांनी शेवटी बोलावं. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरच्या फसलेल्या हल्ल्याआधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंगर यांनी विरोध लेखी कळवला होता, पण बैठकीच्या खोलीत ते जवळजवळ गप्पच राहिले आणि पुढे स्वतःला त्याबद्दल दोष देत राहिले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेल्या पेचात केनेडी काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, कारण ते समोर असले की माणसं मोकळी बोलत नाहीत. तुमच्या अध्यक्षांनी बाहेर जायची गरज नाही. पहिली वीस मिनिटं खुर्ची टेबलामागून काढून रांगेत बसलं तरी फरक पडतो.

एक मोह टाळा: ‘तुम्ही जरा विरोधी बाजू मांडा हो’ म्हणून कुणाला उभं करणं. मानसशास्त्रज्ञ चार्लन नेमेथ यांचं काम सांगतं की नेमलेला विरोधक खऱ्या विरोधकाइतका विचार हलवत नाही. लोकांना कळतं की हे नाटक आहे. खरा २ लिहिणारा तुमच्याकडे आहे, त्याला जागा द्या. नेमून द्यायचंच असेल तर काम सगळ्यांना द्या: ‘समजा वर्ष झालं, काम पूर्ण फसलं आहे, का फसलं असेल ते लिहा.’ गॅरी क्लाइन यांची ही पद्धत तीन मिनिटांत होते, आणि टीका करणं हे त्या वेळेपुरतं प्रत्येकाचं काम होत असल्यानं कुणी वाईट ठरत नाही. आगाऊ रक्कम किती द्यायची, उशिरासाठी दंड काय, हमीचा कागद कुणाच्या ताब्यात राहील, हे मुद्दे यातूनच निघतात.

आता ठराव, एकेका प्रश्नाचा वेगळा. बदलायची की दुरुस्ती, यावर दुसरी चिठ्ठी घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या चिठ्ठीतला फरक फळ्यावर शेजारी लिहा. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द टाळून आकडे लिहा: बाजूनं इतके, विरोधात इतके, तटस्थ इतके. विरोधात ६ अशी नोंद पाहून त्या सहा घरांना वाटतं की आपलं ऐकलं गेलं, आणि हरलेल्या बाजूचा माणूस पैसे भरतो तो बहुधा यामुळेच. गणपूर्तीचंही भान ठेवा. आदर्श उपविधींनुसार दोन-तृतीयांश किंवा २०, यांत जे कमी तेवढे पुरतात. ४८ घरांत २० जणांची सभा कायदेशीर ठरते, पण उरलेल्या २८ घरांनी हा विचारच केलेला नसतो. एवढ्या मोठ्या खर्चासाठी गैरहजर घरांपर्यंत टिपण आणि चिठ्ठी घेऊन जाणं हा सचिवाच्या कामाचा भाग समजा. ही चिठ्ठी मत नाही, पण काय चाललंय ते कळतं.

पैशांची बाब मात्र उलट करायची: मत गुप्त, पण शब्द उघड आणि लेखी. सभा संपताना प्रत्येक घराला छोटा फॉर्म: ‘मी तीन हप्त्यांत / सहा हप्त्यांत भरेन, पहिला हप्ता या तारखेला’, तारीख त्यानंच लिहायची आणि खाली सही. स्वतःच्या हातानं लिहिलेली तारीख माणूस पाळतो. समितीनं छापलेली तारीख समितीची असते. त्याच फॉर्मवर एक चौकट ठेवा: ‘खजिनदारांनी मला घरी येऊन भेटावं’. ज्याला खरोखर जमत नाही तो इथे खूण करतो आणि गोष्ट दोघांत राहते.

ग्रुपवरच्या मतदानाबद्दल कुणीतरी सुचवेलच. व्हॉट्सॲपच्या मतदानात कुणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं आणि आकडे चालू असतानाच दिसतात, म्हणजे ॲशची खोलीच. पहिले पाच अंगठे ज्या बाजूला, बाकीचे तिकडे. ग्रुप सभेची वेळ कळवायला ठेवा, निर्णयाला नको.

वसुलीत दोन चुका हमखास होतात. एक, ‘सर्व सभासदांनी सहकार्य करावे’ अशी पाटी. लाटाने आणि डार्ली यांच्या १९६८च्या प्रयोगात खोलीत धूर यायला लागल्यावर एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी दोघं निर्विकार बसवलेले असले की फक्त १० टक्क्यांनी. सगळ्यांना उद्देशून लिहिलेलं कुणालाच लागू होत नाही. प्रत्येक मजल्याला एक नाव नेमा, आठ घरांमागे एक माणूस, आणि त्यानं दारात जाऊन बोलावं. दुसरी चूक ‘३१ सभासदांनी अद्याप रक्कम भरलेली नाही’ असा फलक. तुम्हाला वाटतं लाज वाटेल. वाचणाऱ्याला कळतं की न भरणारेच जास्त आहेत, मग आपणच का घाई करा. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या अश्मीभूत अरण्यात, म्हणजे दगड झालेल्या प्राचीन लाकडांच्या उद्यानात, हे तपासलं होतं. ‘पूर्वी अनेकांनी लाकूड नेलं’ असं सांगणारी पाटी असली की खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला जायचे, आणि ‘कृपया नेऊ नका’ एवढंच लिहिलं तर २ टक्क्यांच्या आत. म्हणून फलकावर भरलेल्यांचा आकडा लिहा, दर रविवारी बदलून: १७, मग २२, मग २९. आकडा खरा हवा. एकदा फुगवलात तर पुढचा कुणी मानणार नाही.

तुमचा आत्ताचा अडकलेला ठराव रेटू नका. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि नोटिशीत सरळ लिहा की मागच्या सभेत या विषयाला पुरेसा वेळ दिला गेला नाही, म्हणून चारही प्रश्न वेगवेगळे पुन्हा चर्चेला घेत आहोत. यात समितीची नाचक्की होते असं कुणी म्हणेल. तसं होत नाही, उलट कुरकुर करणाऱ्यांना गेटवरून सभेत यायला कारण मिळतं. आणि नोटीस लावण्याआधी, ज्या १७ घरांनी १२,५०० भरले त्यांना स्वतः भेटा. सोसायटीच्या वेळेला धावून आलेली हीच घरं आहेत, आणि विषय पुन्हा उघडतोय हे त्यांना फलकावरून कळलं तर पुढच्या वेळी तीही थांबतील. पावती दाखवून सांगा की रक्कम वेगळ्या खात्यात आहे, आणि निर्णय दुरुस्तीचा झाला तर जास्तीचे पैसे पुढच्या मासिक देखभाल बिलात वळते होतील. हे त्यांना लेखी द्या.